नदीचं मूळ, जजसाहेबांचं कूळ



नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये, असं आपल्याकडे म्हणतात. आम्हा सोनकच्छकरांना नदीच्या मुळाचं फारसं अप्रूप नाही. आमची कालीसिंध आमच्याच देवास जिल्ह्यात, बागलीकडच्या डोंगरात उगम पावते. सकाळी मोटरसायकल काढली तर दुपारच्या जेवणाला घरी परत. राहता राहिलं कूळ. ऋषींना त्यात ओढायला नको, पण न्यायाधीशांना ओढायला हरकत नसावी. त्यांचं सगळं आयुष्यच पुरावे तपासण्यात गेलेलं असतं.

विषय निघाला तो तुमच्याच निरोपांमुळे. वंशावळीवरचा मागचा लेख वाचून काही वाचकांनी कळवलं, "आम्ही त्या लोकहितवादी देशमुखांपैकी." एकांनी लिहिलं, "न्यायमूर्ती रानडे आमच्या पणजोबांचे आजोबा." वाचून बरं वाटलं. पण मी पडलो सॉफ्टवेअरवाला. कुणी म्हणालं "हे असं आहे", की बोटं आपोआप "कशावरून?" असं टाइप करतात. म्हणून या वेळी एकोणिसाव्या शतकातले तीन मराठी न्यायाधीश घेऊ या: गोपाळ हरी देशमुख, काशिनाथ त्र्यंबक तेलंग आणि महादेव गोविंद रानडे. तिघांच्या कुळाचा माग काढताना जे तीन अडथळे येतात, तेच तुमच्या-माझ्या घरच्या वंशावळीतही येतात.

आधी आपल्या पद्धतीचं एक कौतुक. "महादेव गोविंद" म्हणताच रानड्यांच्या वडिलांचं नाव कळतं. गोविंदरावांचं पूर्ण नाव सापडलं की आजोबा अमृतराव कळतात. आमच्या भाषेत याला लिंक्ड लिस्ट म्हणतात. प्रत्येक कडीत आधीच्या कडीचा पत्ता लिहिलेला असतो. अमेरिकेत अशी सोय नाही. तिथले एकोणिसाव्या शतकातले नामांकित न्यायाधीश जॉन मार्शल हार्लन घ्या. १८९६ साली सुप्रीम कोर्टाने रेल्वेच्या डब्यांत गोऱ्या-काळ्यांना वेगळं बसवणं कायदेशीर ठरवलं, तेव्हा विरोधात निकाल लिहिणारे ते एकटे होते. त्यांच्या नावावरून वडिलांचं नाव कळत नाही. "जॉन मार्शल" हे नाव त्यांना जुन्या सरन्यायाधीशांवरून ठेवलेलं. त्यात त्यांचा नातूही जॉन मार्शल हार्लन आणि तोही सुप्रीम कोर्टाचाच न्यायाधीश! आजोबांचं नाव नातवाला ठेवायची हौस फक्त आपल्याकडेच आहे असं नाही.

पण तिथे दुसरी सोय आहे. अमेरिकेत १७९० पासून दर दहा वर्षांनी जनगणना होते आणि १८५० पासून तिच्यात घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव, वय आणि जन्मस्थान लिहिलेलं आहे. काही वर्षं गेली की ते कागद सगळ्यांना पाहायला खुले होतात. "स्वतंत्र माणूस" हे शब्द मात्र नीट वाचा. हार्लन यांचं घर केंटकीतलं, वडिलांच्या पदरी गुलाम असलेलं. १८५० आणि १८६० साली गुलामांसाठी वेगळे तक्ते होते. त्यांत मालकाचं नाव, पुढे गुलामाचं वय, स्त्री की पुरुष आणि वर्ण. गुलामाचं नाव बहुतेक ठिकाणी नाहीच. ज्या घरातून समतेच्या बाजूने निकाल लिहिणारा न्यायाधीश आला, त्याच प्रकारच्या घरांत राबलेल्या माणसांचे वंशज आज त्या तक्त्यांत आपलं माणूस नुसत्या वयावरून शोधत बसतात. कागदात कोणाला नाव मिळतं आणि कोण नुसता आकडा होतो, हा प्रश्न मनात ठेवा. पुढे आपल्याही घरात तो येणार आहे.

आपल्याकडे जनगणना १८७२ पासून आहे, पण त्या काळातले घराघरांचे तक्ते जपलेले नाहीत. छापील बेरजा राहिल्या, माणसं गेली. म्हणून आपल्याला दुसऱ्या वाटांनी जावं लागतं.

पहिला अडथळा : आडनाव

गोपाळ हरी देशमुख म्हणजे 'लोकहितवादी'. जन्म पुण्यात, १८२३ सालचा. 'प्रभाकर' साप्ताहिकात त्यांनी १८४८ पासून लिहिलेली 'शतपत्रं' आपण शाळेत नावापुरती तरी ऐकलेली असतात. पत्रं प्रत्यक्षात १०८. नोकरी सरकारी. भाषांतरकार म्हणून सुरुवात, मग बढती मिळत अहमदाबादेत न्यायाधीश, नाशिकला जॉइंट जज्ज आणि १८७९ साली निवृत्ती. आपल्या माळव्याशीही त्यांचा संबंध आहे. निवृत्तीनंतर ते रतलाम संस्थानचे दिवाण होते.

आता त्यांच्या कुळाचा शोध घ्यायचा म्हणून तुम्ही "देशमुख" आडनावाची घराणी धुंडाळायला लागलात, तर जन्मभर धुंडाळत राहाल. कारण या घराण्याचं मूळ आडनाव सिद्धये. देशमुखीचं वतन मिळालं म्हणून लोक त्यांना देशमुख म्हणू लागले. देशमुखी हा हुद्दा होता. परगण्याचा वसूल आणि बंदोबस्त पाहण्याचा. तो ब्राह्मणांकडे होता, मराठ्यांकडे होता, इतर जातींकडे होता, काही ठिकाणी मुसलमान घराण्यांकडेही होता. त्यामुळे एक देशमुख दुसऱ्या देशमुखाचा भाऊबंद असेलच असं नाही. दोन कंपन्यांत दोन मॅनेजर आहेत म्हणून ते चुलतभाऊ ठरत नाहीत. कुलकर्णी, देशपांडे, पाटील, फडणीस, चिटणीस, पोतनीस या सगळ्यांचं तसंच. गावावरून पडलेली "कर" आडनावंही तशीच. एका गावातून निघालेली पाच वेगळी घराणी पाचही ठिकाणी त्याच गावाचे "कर" होतात.

आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर आडनाव ही प्रायमरी की नाही. मग ओळख कशी पटवायची? एकट्या खुणेवर विसंबू नका, तीन-चार जुळवून पाहा. मूळ गाव, कुलदैवत, गोत्र असेल तर गोत्र, देवक असेल तर देवक आणि जुन्या सोयरिकी. लोकहितवादींशी नातं सांगणाऱ्या वाचकांना माझा एकच प्रश्न आहे. तुमच्या घरात कधी कुणाच्या तोंडून "सिद्धये" हे नाव निघालं होतं का? निघालं असेल तर पुढचं बोलू.

यातली आणखी एक गंमत पाहा. १८५६ साली हेच गोपाळराव इनाम कमिशनमध्ये असिस्टंट कमिशनर झाले. इनाम कमिशनचं काम काय? जमिनी माफीने उपभोगणाऱ्या प्रत्येक घराण्याला विचारायचं, हे इनाम कोणी दिलं, कधी दिलं, सनद दाखवा, मूळ पुरुषापासून तुमच्यापर्यंत वंशावळ मांडा. नीट पुरावा नसेल तर इनाम गेलं. हजारो घरांनी त्या धास्तीपायी आपापल्या पिढ्या कागदावर उतरवल्या. लोकांनी त्या कमिशनला शिव्याशाप दिले. पण आज पुण्याच्या पेशवे दफ्तरात बसून कुणी आपलं घराणं शोधतो, तेव्हा त्याच्या हाती येणाऱ्या कागदांत या धाकापोटी लिहिलेल्या कैफियतीही असतात. त्या वाचताना एक खबरदारी मात्र हवी. जमीन वाचवण्यासाठी लिहिलेली वंशावळ आहे ती. ज्याच्यामुळे हक्क अडचणीत येईल असा एखादा भाऊ तिच्यातून सोयीस्कर गळलेला असू शकतो.

दुसरा अडथळा : दत्तक

काशिनाथ त्र्यंबक तेलंग. जन्म १८५०, मुंबई. संस्कृतचे पंडित, भगवद्गीतेचं इंग्रजी भाषांतर करणारे, १८८९ मध्ये मुंबई हायकोर्टाचे न्यायाधीश आणि पुढे मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू. वयाच्या अवघ्या त्रेचाळिसाव्या वर्षी, १८९३ साली ते गेले.

लिंक्ड लिस्टचं कौतुक मी मघाशी केलं, ते इथे अडतं. "काशिनाथ त्र्यंबक" वाचून आपण म्हणू, वडील त्र्यंबक. पण जन्मदाते वडील होते बापू. त्र्यंबक हे चुलते आणि त्यांनी काशिनाथाला दत्तक घेतलं होतं. इथे दोघे सख्खे भाऊ असल्यामुळे एक पायरी वर गेलं की आजोबा तेच. पण जिथे दत्तक लांबच्या घरातून घेतलेला असतो, तिथे नावाची कडी एका कुळात जाते आणि रक्ताची दुसऱ्या.

माळव्यात हे नवीन नाही. आपला सोनकच्छ परगणा ज्या ग्वाल्हेर संस्थानात होता, तिथे दौलतराव शिंद्यांनंतर गादीवर आलेले जनकोजीराव दत्तक आणि त्यांच्यानंतरचे जयाजीरावही दत्तक. राजाच्या घरी जे चालतं ते कारकुनाच्या घरीही चालायचं. मुलगा नसला की दिव्यात तेल घालायला, श्राद्ध करायला आणि वतन टिकवायला दत्तक घ्यायचा. म्हणून माझ्या तक्त्यात मी वडिलांसाठी दोन रकाने ठेवलेत, जन्माचे आणि दत्तकाचे. बहुतेकांचा दुसरा रकाना रिकामा राहतो. पण तो आहे म्हटल्यावर घरातली वडीलधारी माणसं हळूच सांगायला लागतात, "अरे, ते खरं म्हणजे शाजापूरच्या घरातले." रकाना नसता तर ही गोष्ट निघालीच नसती. फॉर्ममध्ये जागा ठेवली की माहितीला धीर येतो.

तिसरा अडथळा : बायका

तेलंगांच्या जाण्याने हायकोर्टात रिकाम्या झालेल्या जागेवर १८९३ मध्येच महादेव गोविंद रानडे आले. जन्म १८ जानेवारी १८४२, निफाडचा. वडील गोविंदराव पुढे कोल्हापूर संस्थानात नोकरीला, त्यामुळे रानड्यांचं बालपण कोल्हापुरात गेलं.

रानड्यांना पणजोबांचे आजोबा म्हणणाऱ्या वाचकांसाठी आधी उत्तर देतो. रानड्यांना स्वतःचं मूल झालं नाही. त्यांना सावत्र भाऊ होते, त्या शाखेतून कुणाचं नातं असू शकतं. सरळ वंशात कुणी असणं शक्य नाही. तेव्हा "पणजोबांचे आजोबा" ऐवजी "पणजोबांच्या आजोबांचे भाऊ" असं काही निघतंय का ते तपासा. निघालं तर ते काही कमी मोलाचं नाही.

पण रानड्यांच्या घराबद्दल आपल्याला जे माहीत आहे, त्यातलं खूपसं कुठून आलं? वंशावळीतून नाही. ते आलं रमाबाईंच्या पुस्तकातून. रानडे १९०१ साली गेले आणि १९१० साली रमाबाईंनी 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' छापलं. त्यात सासरे आहेत, सावत्र सासूबाई आहेत, विधवा नणंद दुर्गा आहे, घरातल्या बायकांचा इंग्रजी शिकण्याला विरोध आहे. म्हणजे एक भरलेलं घर आहे.

आता याच घराचा नेहमीच्या पद्धतीने आलेख काढा. अमृतराव, त्यांच्याखाली गोविंदराव, त्यांच्याखाली महादेव आणि पुढे रेघ बंद. रमाबाई नाहीत. पहिल्या पत्नी सखूबाई, माहेरच्या दांडेकर, १८७३ साली क्षयाने गेल्या, त्या नाहीत. त्यानंतर थोड्याच दिवसांत, विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या या सुधारकाने वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केलं, तेही नाही. ती मुलगी देवराष्ट्र्याच्या कुर्लेकरांची यमुना होती आणि लग्नात तिची रमा झाली, हे तर नाहीच नाही. एका लग्नात नाव आणि आडनाव दोन्ही बदलतात. डेटाबेसमध्ये एखाद्या नोंदीचं सगळंच बदललं, तर जुनी आणि नवी नोंद एकाच माणसाची आहे हे ओळखणार कसं? आणि आलेखातून रमाबाई वगळल्या तर त्या घराची जवळजवळ सगळी हकिगतच वगळली जाते. लिहून ठेवणारी तीच होती.

आता आमच्या घराबद्दल. आमच्याकडे एक वंशावळ आहे, आजोबांनी जाड कागदावर काळ्या शाईने काढलेली. सात पिढ्या आणि नावं फक्त पुरुषांची. मुलींसाठी कुठे कुठे "कन्या २", "कन्या ३" असे आकडे. माझ्या पणजोबांच्या खाली लिहिलंय, "पुत्र २, कन्या १." ही "कन्या १" म्हणजे आजोबांची थोरली बहीण. लहानपणी लग्न झालं, वर्षभरात वैधव्य आलं आणि ती माहेरी सोनकच्छला परत आली ती कायमची. आजोबांची आई त्यांच्या लहानपणीच गेली. त्यांना न्हाऊमाखू घालून शाळेत पाठवणारी ही बहीण. घरात तिला सगळे "अक्का" म्हणत. आजोबांनी सात पिढ्यांतले पुरुष आठवून आठवून लिहिले आणि जिने वाढवलं तिचा आकडा घातला. त्यांच्या मनात आकस नव्हता. आलेख असाच काढतात, असं त्यांनी पाहिलेलं होतं. कागदाच्या नमुन्यातच तिला जागा नव्हती.

माझी आत्या आता ऐंशीच्या पुढे आहे. तिलाही "अक्का" यापलीकडे नाव सांगता येईना. ग्वाल्हेरच्या जुन्या कागदांत विधवा बहिणीचं नाव कुठून येणार? ना जमीन, ना नोकरी. अमेरिकेत निदान थडगं असतं, त्यावर नाव असतं. आपण दहन करून अस्थी नदीत सोडतो. पण आपल्याकडे एक गोष्ट आहे जी त्यांच्याकडे नाही. आपण भांड्यांवर नाव घालतो! आत्याच्या माळ्यावरची पितळेची भांडी उतरवून चिंच लावून घासली, तर एका डब्याच्या बुडाशी ठिपक्यांच्या अक्षरांत एक नाव, सासरचं आडनाव आणि संवत निघाला. ते आडनाव आमच्या नात्यागोत्यात दुसऱ्या कुणाचंच नाही. आत्या डबा हातात धरून बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "यात लाडू असायचे." आता आमच्या नव्या तक्त्यात "कन्या १" च्या जागी पूर्ण नाव आहे. माहेरचं आणि सासरचं, दोन्ही.

माळव्यातल्यांनी कुठे शोधायचं?

पुण्या-साताऱ्याच्या मंडळींना एक पेशवे दफ्तर पुरतं. आपलं प्रकरण जरा गुंतागुंतीचं आहे. आजचा देवास जिल्हाच मुळी तुकडे जोडून झालेला. देवासच्या थोरल्या आणि धाकट्या अशा दोन पाती पवारांच्या, कन्नौद-खातेगाव होळकरांचं, सोनकच्छ शिंद्यांचं. म्हणजे वीस कोसांत तीन-चार दरबार. आजोबांची नोकरी कोणत्या दरबारात होती, हे आधी ठरवा. देवासला राहणारा माणूस होळकरशाहीत नोकरीला असू शकतो. दरबार ठरला की कागद कुठे गेले असतील याचा अंदाज येतो.

दुसरी जागा तीर्थक्षेत्रं. उज्जैनला सिद्धवटावर, त्र्यंबकेश्वरला, हरिद्वारला उपाध्यायांच्या वह्यांत गावाप्रमाणे आणि जातीप्रमाणे यजमानांच्या नोंदी असतात. कोण आलं, कोणाच्या अस्थी घेऊन आलं, बरोबर कोण होतं. हरिद्वारच्या वह्यांचं मोल ओळखून अमेरिकेतल्या युटामधल्या वंशावळ संस्थेने १९७७ पासून त्यांची मायक्रोफिल्म घ्यायला सुरुवात केली. आपल्या आजोबांची सही पाहायला परदेशातून माणसं येतात आणि आपण महाकालाचं दर्शन घेऊन पोहे-जिलबी खाऊन परततो.

तिसरी आणि सर्वांत नाजूक जागा म्हणजे आपलाच माळा. मोडीतले कागद बऱ्याच घरांत आहेत. वाचता येत नाहीत म्हणून ते "कसले तरी जुने हिशेब" ठरतात आणि दिवाळीच्या साफसफाईत भंगारवाल्याकडे जातात. अमेरिकेत १८९० च्या जनगणनेचे बहुतेक कागद १९२१ च्या आगीनंतर नष्ट झाले, तर तिथले लोक अजून हळहळतात. आपल्याकडे आगीची गरजच पडत नाही, रद्दीचा काटा पुरतो. न्यायमूर्ती रानड्यांनी १९०० साली, हायकोर्टाचं काम सांभाळून, पेशव्यांच्या रोजनिशींवर मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत निबंध वाचला होता. त्यांच्या लेखी राजांच्या लढायांइतकंच रयतेच्या रोजच्या व्यवहारांचं महत्त्व होतं. ते व्यवहार ज्यांत लिहिलेले असतात, ती हीच "जुने हिशेब" वाली बाडं.

तर या महिन्याचा गृहपाठ. एक, घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाजवळ बसा, फोनचं रेकॉर्डिंग चालू करा आणि पुरुषांची नाही, बायकांची नावं विचारा. माहेरचं नाव, माहेरचं आडनाव, माहेरचं गाव. दोन, भांडी उलटी करून बघा. तीन, मोडीचा एक जरी कागद सापडला तरी दिवसाच्या उजेडात सरळ वरून फोटो काढा. कागद सुती कापडात ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत नको आणि लॅमिनेशन तर मुळीच नको. चार, तक्त्यात प्रत्येक नावापुढे "कोणी सांगितलं" असा एक रकाना ठेवा. ऐकीव असेल तर ऐकीव लिहा. जजसाहेबांच्या कोर्टात ऐकीव गोष्ट पुरावा म्हणून टिकत नाही, पण शोध कुठे घ्यायचा हे तीच सांगते.

आणि शोध घेता घेता घराणं रानड्यांपर्यंत, देशमुखांपर्यंत नाहीच पोचलं, तर नाराज होऊ नका. लोकहितवादींनी शतपत्रांत आपल्याच ज्ञातीच्या पोकळ अभिमानावर इतके कोरडे ओढलेत, की त्यांच्या नात्याच्या जोरावर कुणी मिरवलेलं त्यांना मुळीच आवडलं नसतं. ते नाहीत तर दुसरं कुणी सापडेल. परगण्याच्या कचेरीतला कारकून, पूजा सांगणारा भटजी, शिंद्यांच्या फौजेतला बारगीर किंवा लाडवांचा डबा भरून ठेवणारी एखादी अक्का.

पुढच्या अंकात मोडीची पहिली दहा अक्षरं शिकू. तोवर माळा उतरवून ठेवा. भांड्यांवरची नावं सापडली तर फोटो पाठवायला विसरू नका.